फोर्ट-गिरगावात बसून जेवायला परवडणारी जागा : तुमचे अनुभव लिहा

कोकणातला माणूस मुंबईला हौसेने कमी आणि कामाने जास्त जातो. हायकोर्टाची तारीख असते, मंत्रालयात अडकलेली फाइल असते, जी.टी. किंवा सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये कोणीतरी ॲडमिट असतं, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटात लग्नाची खरेदी असते. कामं सगळी सीएसएमटी, चर्चगेट आणि गिरगाव एवढ्याच टापूत, आणि दुपारी एक वाजला की सगळ्यांची अडचण एकच. वडापाव, सँडविच, खाऊगल्ली हे पावलापावलावर मिळतं, पण उभ्याने. रात्रभर गाडीत बसून आलेली आई सोबत असेल, हातात औषधांच्या आणि कागदांच्या पिशव्या असतील, तर उभ्याने खाऊन भागत नाही. पाठ टेकायला खुर्ची हवी, हात धुवायला बेसिन हवं, जमलं तर संडास-बाथरूम हवं, आणि दोन माणसांचं मिळून चारशेच्या आत व्हायला हवं.

अशा जागा आहेत, पण त्या तोंडी फिरतात. म्हणून हा धागा. नुसतं नाव नको. वर आपल्या गावाचं नाव टाका आणि गल्ली, वेळ, काय मागवलं आणि म्हाताऱ्या माणसाला तिथे जमेल का, हे लिहा.

सुरुवात मी करतो. मी राजापूरचा. कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला सोडते आणि ऑफिसं उघडायला बराच अवकाश असतो. स्टेशनसमोर बाजारगेट गल्लीच्या तोंडाशी पंचम पुरीवाला आहे. जुनं दुकान, साधी टेबलं, फुगलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची पातळ भाजी. पोट भरतं, बिल बेताचं येतं. वर चढायचा जिना मात्र अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन खालीच जागा धरा. दुसरं, कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतलं आराम. बाहेरच्या वड्याची गर्दी बघून लोक परत फिरतात, पण आत बसायला टेबलं आहेत. थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, पियूष. आईला तिथलं थालीपीठ चालतं, कारण ते तिला ओळखीचं वाटतं.

अलिबाग

आमची वाट वेगळी. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलो की समोर ताज आणि आजूबाजूला कुलाब्याचे दर. नवखा माणूस तिथेच घाबरतो. पण ताजच्या मागच्या तुलोच रोडवर बगदादी आहे. लांब टेबलं, अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं, ताटापेक्षा मोठी रोटी येते आणि एका रोटीत माझं भागतं. दिखावा काही नाही, पण अन्न गरम आणि भरपूर. कॉजवेवर ऑलिम्पिया कॉफी हाऊस आहे, 1918 सालचं, संगमरवरी टेबलांचं. सकाळी खिमा-पाव आणि चहा. माझे वडील शाकाहारी, त्यांना घेऊन गेलो की कॉजवेवरच्याच कामतमध्ये बसतो.

एक सूचना. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, धरावी लागते आणि ती भाऊच्या धक्क्याला लागते. तिथून कुलाबा सोयीचं नाही. त्या दिवसांत टॅक्सी किंवा बसने सरळ सीएसएमटी गाठा आणि वर सांगितलेल्या जागी जेवा.

मालवण

माका इचारशात तर दुपारी ताटात मासो नसलो की जेवल्यासारख्या वाटणाच नाय. फोर्टात प्रदीप गोमंतकात बसून बांगड्याची थाळी मागवची. सुरमय-पापलेटाच्या वाटेक जाव नये.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. फोर्टात ‘लंच होम’ नावाची खूप हॉटेलं आहेत, बहुतेक मंगळुरी मंडळींची, आणि मासे उत्तम असतात. पण मेनूकार्डावर मोठ्या माशापुढे आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. वेटर ताटात मासा आणून दाखवतो, आपण मान डोलावतो आणि बिल आलं की गप्प बसतो. मान डोलावण्याआधी दर विचारायचा, त्यात कमीपणा नाही. आपल्या गावच्या बाजारात आपण दर विचारल्याशिवाय टोपलीला हात लावत नाही. थाळीचा दर ठरलेला असतो, म्हणून थाळीच घ्यावी. बांगडा, मांदेली, बोंबील या थाळ्या सुरमईच्या मानाने बऱ्याच खाली असतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताजा मासा कमी आणि महाग, तेव्हा अंड्याची किंवा शाकाहारी थाळी घेतलेली बरी.

आणि वेळ. ऑफिसं साडेबारा ते दोन या वेळात खाली उतरतात. बारा वाजता जाऊन बसा. निवांत जेवाल, आमटी दुसऱ्यांदा मागितली तरी कोणी कपाळाला आठी घालणार नाही. दीड वाजता गेलात तर तुमच्या खुर्चीमागे माणूस उभा राहून तुमचा घास मोजतो.

चिपळूण

हायकोर्टाची तारीख असली की बारा वाजता जेवायला जाता येत नाही, बोर्डावर आपला नंबर कधी येईल याचा नेम नसतो. मधल्या सुट्टीतच सुटका होते, आणि तेव्हा सगळा फोर्ट जेवत असतो. अशा वेळी मी केरळी जेवणाकडे वळतो. पिठा स्ट्रीटवर डिलक्स आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, दोन-तीन भाज्या, पापड. माणसं पटापट उठतात, त्यामुळे रांग असली तरी सरकते. भात जाड, लालसर दाण्याचा. आपल्या उकड्या तांदळाची सवय असलेल्याला अगदी जवळचा वाटेल. पहिल्यांदा पानावर तो भात पडला तेव्हा मला खरोखर बरं वाटलं होतं, कारण सकाळपासून वकिलांच्या मागे फिरून जीव दमला होता.

श्रीवर्धन

आमच्या घरात लग्नाची खरेदी म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट आणि मोहम्मद अली रोड. सोबत बायका, मुलं, गाठोडी. क्रॉफर्ड मार्केटजवळ गुलशन-ए-इराण आहे, मोठं, बसायला भरपूर जागा, खिमा-पाव, दाल गोश्त, चहा. गाठोडी खुर्चीखाली सरकवून बसलो तरी कोणी हटकत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी 1923 पासूनचं. नल्ली निहारीसाठी लोक लांबून येतात, पण दुपारच्या गर्दीत लहान मुलांना घेऊन जायला मला गुलशनच बरं पडतं. रमजानमध्ये दिवसाचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा आधी विचारून जा.

गिरगाव, मूळ गाव संगमेश्वर

इथे सगळे फोर्टाबद्दल लिहीत आहेत, म्हणून गिरगावची बाजू मी मांडते. स्वस्तात बसून जेवायची सोय मुंबईला लावली ती चाकरमान्यांनी. गिरणीत कामाला आलेला पुरुष एकटा असायचा, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. महिन्याचे पैसे ठरलेले. या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ही गोष्ट मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘परवडणारं जेवण’ म्हटलं की आपण हॉटेलाचा मालक डोळ्यांसमोर आणतो आणि त्या बायका विसरतो. 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्यांच्यासोबत बऱ्याच खानावळी गेल्या.

खोताच्या वाडीतलं अनंताश्रमही आता नाही. मासे खाणाऱ्या गिरगावकराला त्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. जेवण अप्रतिम, आणि जेवून झाल्यावर रेंगाळायचं नाही हा नियम पक्का.

आज काय उरलंय? ठाकूरद्वारच्या नाक्यावर विनय हेल्थ होम. मिसळ, साबुदाणा खिचडी, थालीपीठ, ताक. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. सकाळी दहानंतर आणि दुपारी तीननंतर शांत असतं. मेट्रो सिनेमासमोर कयानी, 1904 चं इराणी. लाल चौकटीचे टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का, ऑम्लेट, मावा केक. तिथे पोटभर जेवण होतं असं नाही, पण रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी तासभर टेकायला ती जागा फार चांगली आहे. जवळच धोबीतलावावर ससानियन, 1913 चं. ही दोन्ही इराणी बंद पडली तर सीएसएमटी ते चर्नी रोड दरम्यान सकाळी कमी पैशांत बसायचं कुठे, हा विचार मला अस्वस्थ करतो.

वेंगुर्ला

मुलीच्या परीक्षेचं सेंटर फोर्टात होतं आणि दिवस रविवार. ऑफिसवाल्यांवर चालणारी लंच होम बरीचशी रविवारी बंद, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. रविवारी जाणार असाल तर कुलाबा किंवा गिरगाव धरा.

रत्नागिरी

बिलाबद्दल थोडं. चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात आम्ही तिघं जेवलो, दर मेनूकार्डावर पाहूनच. बिलात दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ लावून आला. जीएसटी वेगळा, तो साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के असतो आणि द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र आपल्या मर्जीवर असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. मी मॅनेजरला शांतपणे एवढंच म्हटलं, ‘‘दादा, हा चार्ज काढून द्या.’’ त्याने दुसरं बिल छापून दिलं. नाही दिलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिघांच्या जेवणावरचे ते पैसे म्हणजे आमच्या परतीच्या प्रवासातला चहा-नाश्ता होता, म्हणून कोणी लाजू नका.

तसंच ए.सी. सेक्शन. उडपी हॉटेलात खाली आणि वर पदार्थ तोच असतो, वरचा दर वेगळा. कुटुंब बघून वेटर आपणहून वर पाठवतो. खाली बसायचं आहे असं सांगा. पाण्याची बाटलीही न मागता उघडून ठेवतात, ‘साधं पाणी’ असं बसल्या बसल्या सांगायचं.

दापोली

मी थोडं उलट सांगणार आहे. वेळ हाताशी असेल तर फोर्टात जेवूच नका. सीएसएमटीहून मध्य रेल्वेची लोकल धरा आणि माटुंग्याला उतरा. स्टेशनच्या पूर्वेला मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 पासूनचं. आधी पैसे भरून कूपन घ्यायचं, लिमिटेड किंवा अनलिमिटेड. अनलिमिटेडला केळीचं पान. भात, रस्सम, सांबार, भाज्या, ताक, वाढणारे पुन्हा पुन्हा येतात. पानात टाकायचं नाही, ही तिथली शिस्त मला मनापासून आवडते. सोमवारी बंद असतं. जिना आहे, तेवढं लक्षात ठेवा.

तुतारी एक्सप्रेसने गावी परतणाऱ्यांसाठी दादर. पश्चिमेला स्टेशनसमोर मामा काणे, 1910 सालचं. बटाटावडा खायचा, बसून, आणि मग गाडी पकडायची.

राजापूर

दापोलीकरांचं पटतं, पण ज्याचा माणूस वॉर्डात आहे तो माटुंग्याला जाऊ शकत नाही. त्याला अर्ध्या तासात परत यायचं असतं.

खेड

आमची पाळी परळला आली, टाटा हॉस्पिटल. तो भाग फोर्टाबाहेरचा, पण हा धागा वाचणाऱ्यात ते नक्की असणार, म्हणून लिहिते. हॉस्पिटलच्या आसपास शिवभोजन थाळीचं केंद्र चालू आहे का, हे वॉर्डातल्या दुसऱ्या नातेवाइकांना विचारा. ही योजना 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची एक मूद. मूद लहान असते. पण रोज दोन वेळा बाहेर खायचं असेल, आणि ते किती आठवडे चालेल ते ठाऊक नसेल, तेव्हा त्या दहा रुपयांची किंमत कळते. बसायची सोय सगळीकडे सारखी नाही, काही ठिकाणी बाक असतात. एक वेळ तिथे आणि एक वेळ उडप्याकडे राईसप्लेट, असं मी लावून घेतलं होतं. वॉर्डातल्या बायकाच एकमेकींना सांगतात कुठे तेल कमी असतं, कुठे मऊ भात मिळतो. पेशंटसाठी न्यायचं असेल तर गल्ल्यावर ‘हॉस्पिटलसाठी, तिखट नको’ एवढं सांगा. मला तरी कोणी नाही म्हटलेलं नाही.

राजापूर

खेडच्या ताई, तुमचं लिहिणं सगळ्यात उपयोगी. जी.टी. आणि सेंट जॉर्जच्या आसपास मऊ भात-वरण बसून मिळेल अशी जागा अजून कोणी लिहिलेली नाही. माहीत असेल तर गल्लीसकट लिहा, आणि ती रविवारी उघडी असते का तेही.