दातांच्या दवाखान्यासाठी विंडोज ११ : होम घ्यावं की प्रो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या ताईचा कराडला दातांचा दवाखाना आहे. दोन खुर्च्या, पाच संगणक : रिसेप्शनला एक, दोन्ही खुर्च्यांजवळ एकेक, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) मशीनला जोडलेला एक आणि ताईचा स्वतःचा लॅपटॉप. सगळे अजून विंडोज १० वर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. पेशंटची माहिती अशा संगणकांवर राहू द्यायची नाही एवढं आमचं ठरलंय.

रिसेप्शनचा आणि एका खुर्चीजवळचा संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीचा आहे. विंडोज ११ ला आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे हे दोन नवेच घ्यावे लागणार. दुसऱ्या खुर्चीजवळचा आणि लॅपटॉप चालतील. ओपीजीवाल्या संगणकाला हात लावू नका, असं मशीन बसवणाऱ्यांनी बजावलंय, कारण त्यांचा ड्रायव्हर विंडोज १० वरच तपासलेला आहे.

दवाखान्याचं सॉफ्टवेअर रिसेप्शनच्या संगणकावर आहे. अपॉइंटमेंट, बिलं, ट्रीटमेंटच्या नोंदी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस) आणि आरव्हीजीचे (दातांच्या डिजिटल एक्स-रेचे) फोटो एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. खुर्चीजवळचे संगणक तिथूनच सगळं उघडतात. वेगळा सर्व्हर नाही.

आता प्रश्न. स्थानिक दुकानदाराने नव्या मशीनवर होमचं (विंडोजची घरगुती वापराची आवृत्ती) कोटेशन दिलंय. प्रो हवं असेल तर "काही शेकड्यांत की (लायसन्सचा कोड) टाकून देतो" म्हणाला. ते मला नको आहे. एवढ्या स्वस्तात मिळणाऱ्या की बऱ्याचदा कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधून निघालेल्या असतात, आणि दवाखान्याच्या कामाला पक्कं बिल असलेलंच हवं.

मी वाचलं त्यावरून होममध्ये तीन गोष्टी नाहीत, ज्या आम्हाला लागू शकतील. एक, रिमोट डेस्कटॉप : होमवरून दुसऱ्या संगणकात जाता येतं, पण होमवाल्या संगणकात बाहेरून येता येत नाही. ताईला रात्री घरून दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंट आणि एक्स-रे बघायचे असतात. दोन, ग्रुप पॉलिसी (संगणकावर काय चालेल ते ठरवणाऱ्या सेटिंग्ज) : पेशंट दुसरीकडून सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) पेनड्राइव्हवर घेऊन येतात आणि तो कुठल्याही संगणकाला लावला जातो, ते एकाच ठिकाणी बांधून ठेवायचंय. तीन, पूर्ण बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. दवाखाना तळमजल्यावर रस्त्याला लागून आहे. उद्या कुणी रिसेप्शनचा संगणक उचलून नेला तर लोकांची नावं, फोन नंबर, आजारांची माहिती सगळं त्याच्या हातात. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

पाचांवरही प्रो घ्यावं, की फक्त रिसेप्शनला पुरेल? की सरळ विंडोज सर्व्हर घ्यावा? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मी छोट्या दवाखान्यांची नेटवर्कं सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्व्हर नको. विंडोज सर्व्हरच्या इसेन्शियल्स आवृत्तीत २५ युजर आणि ५० उपकरणांपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही हे खरं, पण तो सांभाळायला माणूस लागतो. पाच संगणकांना डोमेनची (सगळे संगणक एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) गरज नाही. साध्या विंडोजवर एका वेळी २० उपकरणं जोडायची परवानगी असते, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

रिसेप्शनला प्रो घ्याच, डेटा तिथे आहे. खुर्चीजवळ होम चालेल, पण आधी आरव्हीजीचं सॉफ्टवेअर फोटोंची प्रत तिथल्याच डिस्कवर ठेवतं का ते बघा. बरीच ठेवतात. ठेवत असेल तर तिथेही प्रो. लॅपटॉपला होममधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) पुरतं. पैसे आवळायचे असतील तर होम घेऊन पुढे मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून प्रो करता येतं, डेटा जागच्या जागी राहतो.

एन्क्रिप्शनबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. नवीन मशीन दुकानदाराच्या मुलाने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केलं, तर रिकव्हरी की (डिस्क उघडायचा कोड) त्याच्या खात्यात जाते. वर्षाने मदरबोर्ड बदलला की संगणक की मागतो आणि ती कुणाकडेच सापडत नाही. पहिलं लॉगिन ताईंच्या खात्यानेच करा आणि की कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवा.

रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरवर ३३८९ पोर्ट उघडू नका. व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) लावा. आणि प्रोमध्ये एका वेळी एकच जण काम करू शकतो : ताई घरून आत आल्या की रिसेप्शनची स्क्रीन लॉक होते. रात्रीच बघायचं असेल तर अडचण नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रोमध्ये एसएमबी सायनिंग (शेअर फोल्डरच्या देवाणघेवाणीची खात्री करणारी सही) सक्तीचं आहे आणि पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून शेअर उघडत नाही. जुना नास (नेटवर्कवरची फाइल साठवणारी पेटी) असेल तर तो अचानक दिसेनासा होतो आणि लोक ती सुरक्षाच बंद करून टाकतात. तसं करू नका. प्रत्येक खुर्चीसाठी रिसेप्शनच्या संगणकावर पासवर्डसह वेगळं खातं उघडा.

एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. तुमचा किती झालाय ते बघून ठेवा. होम-प्रोने त्यात फरक पडत नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दवाखान्याला एवढा होईल असं नाही, पण जबाबदारी दवाखान्याचीच, दुकानदाराची नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. रिसेप्शनला प्रो नक्की. आरव्हीजीची प्रत खुर्चीजवळच्या दोन्ही संगणकांवर राहते हे आत्ताच ताईला विचारून कळलं, म्हणजे तिथेही प्रो.

ओपीजीचा तेवढा राहिला. तो विंडोज १० वरच ठेवून इंटरनेटपासून तोडायचा, पण फोटो रिसेप्शनला पोचले पाहिजेत. हे राउटरमध्ये वेगळं नेटवर्क करून करावं, की त्याच संगणकाच्या फायरवॉलमध्ये फक्त रिसेप्शनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सोडावा? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.