'दाम' फारसी नव्हे, ग्रीक!
'दाम' हा शब्द मोगलांबरोबर फारसीतून आला, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अकबराच्या तांब्याच्या नाण्याला दाम म्हणत (४० दामांचा एक रुपया), हे खरं. पण शब्द त्याहून कितीतरी जुना आहे. ग्रीकांच्या 'द्राख्मे' या नाण्याचं नाव संस्कृतात 'द्रम्म' झालं, प्राकृतात 'दम्म' आणि पुढे 'दाम'. कोकणातल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत द्रम्म सर्रास सापडतात, म्हणजे मोगल यायच्या कितीतरी शतकं आधी! अरबी 'दिरहम'ही त्याच द्राख्मेचा वंशज, म्हणून गोंधळ होत असावा.

मला सगळ्यात आवडतो तो मूळ अर्थ. द्राख्मेचा संबंध ग्रीक भाषेतल्या 'मुठीत धरणे' या क्रियापदाशी लावतात. नाणी यायच्या आधी लोखंडी सळ्या चलन म्हणून वापरत आणि सहा सळ्या म्हणजे एक मूठ, एक द्राख्मे. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' म्हणताना आपण त्याच मुठीचं पिल्लू घट्ट धरून असतो, कारण दमडी हे दामाचंच लघुरूप.

रुपयाचं मूळ सरळ आहे: रूप्य, म्हणजे ठसा उमटवलेली चांदी.