रि: रि: शनिवारची पॉइंट लोबोस ट्रिप (कार्मेलजवळचं किनाऱ्यावरचं राखीव उद्यान), गाड्यांचं काय ते आजच ठरवा

मंडळी,
शीटवर 31 नावं आणि 14 गाड्या, हे काही जमणार नाही. आत पार्किंग दीडशेच्या आसपास, ते भरलं की एक गाडी बाहेर पडेल तेव्हा एक आत. गेट 8 ला उघडतं, म्हणजे फ्रीमाँटहून पावणेसहाला निघा आणि गाडीत चार-चार बसा. कोण कोणाबरोबर ते आज रात्रीपर्यंत लिहा, मी फोन करत बसणार नाहीये.
– संजय

पावणेसहा?? शनिवारी?? संजय, तुझी मुलं कॉलेजात गेली म्हणून! हायवे 1 च्या कडेला गाडी लावून चालत आत जाता येतं, चालत जाणाऱ्यांना गाडीमागचे 10 डॉलरही पडत नाहीत, आम्ही मार्चमध्ये तेच केलं.
– वैशाली

वैशाली, हायवेच्या कडेने स्ट्रोलर ढकलत? आणि जेवणाचं काय? ट्रेलवर खाऊ देत नाहीत, टेबलं फक्त व्हेलर्स कोव्ह, पायनी वूड्स आणि बर्ड आयलंडच्या पार्किंगपाशी, तेव्हा थालीपिठांची गाडी तरी आत हवीच. आणि सायप्रस ग्रोव्हची ट्रेल आधी करा, छोटीच चक्कर आहे, मॉन्टेरे सायप्रसचं झाड आपणहून उगवतं ते जगात तिथे आणि कार्मेलच्या उपसागरापलीकडे, बस. फांद्यांवर गंजासारखं नारिंगी दिसतं ना, ते शेवाळ हं, रोग नाही, दर वर्षी कोणीतरी विचारतंच.
– श्रीकांतकाका

काका, शेवाळाचं राहू दे, पॉइझन ओकचं सांगा! गेल्या वेळी धाकटा चेंडू आणायला झाडीत घुसला आणि पंधरा दिवस खाजवत होता. तीन पानं दिसली की बेल समजून हात लावू नका 😀
बाय द वे आमच्या कुत्र्याला, ब्रुनोला, आणलं तर चालेल ना?
– मंदार

मंदार, नाही. गाडीत बसवूनसुद्धा नाही. मागच्या ट्रिपलाही हेच सांगितलं होतं.
– संजय

मग आम्ही कार्मेल बीचवर थांबतो, तिथे कुत्रे मोकळे सोडता येतात. आमची गाडी वजा करा.
– मंदार

मंदार, पण थालीपिठं तुझ्याकडेच आहेत ना?
– श्रीकांतकाका

थालीपिठं पावणेसहाला माझ्या दारात आणून दे. 13 गाड्या. अजूनही जास्तच आहेत.
– संजय