पाटाने झालेले लग्न कोर्टात कसे सिद्ध करावे?

प्रश्न (खानापूर तालुका)

माझ्या मावशीचे पहिले यजमान तरुणपणीच वारले आणि १९९१ साली तिचा पाट लागला, म्हणजे रूढीप्रमाणे पुनर्विवाह झाला. आमच्याकडील रीतीप्रमाणे तो विधी रात्री, घरातल्या घरात, मोजक्या माणसांत झाला. पत्रिका छापली नाही, फोटो काढला नाही, आणि नोंदणीचा तर विचारही कोणाच्या मनात आला नाही. त्यानंतर तिने तेहतीस वर्षे त्या घरचा संसार आणि शेती सांभाळली. मूलबाळ नाही. काकांच्या निधनानंतर उताऱ्यावर वारस म्हणून नाव लावण्यासाठी तिने अर्ज केला, तेव्हा धाकट्या दिरांनी ‘ही आमच्या भावाची लग्नाची बायकोच नव्हे’ अशी हरकत घेतली. पाटाला हजर असलेल्यांपैकी आज एकच वृद्ध गृहस्थ हयात आहेत. एवढी वर्षे एकत्र राहिल्याने लग्न सिद्ध होते का?

उत्तर १ (बेळगाव, दिवाणी वकिली)

नुसते एकत्र राहिल्याने आपोआप लग्न होते, असा कायदा आपल्याकडे नाही. मात्र जे स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिले आणि समाजानेही ज्यांना तसेच मानले, त्यांचे लग्न झालेले असावे, असे अनुमान न्यायालय काढू शकते. पूर्वी याचा आधार पुरावा कायद्याचे कलम ११४ हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११९ आहे. सुमारे पन्नास वर्षांच्या सहजीवनानंतर लग्नाला हजर असलेले भटजी आणि साक्षीदार आणा, असा आग्रह धरला तर फार थोड्यांना आपले लग्न सिद्ध करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात म्हटले आणि लग्न नाकारणाऱ्यावरच पुराव्याचा जड भार टाकला. २०२२ मध्ये केरळमधील मालमत्तेच्या एका वादातही हेच तत्त्व लागू झाले.

तरीही हे अनुमान खोडून काढता येते. म्हणून आधी एका प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळवा: १९९१ साली काकांची आधीची पत्नी हयात होती का? असल्यास, आणि तिच्याशी कायदेशीर फारकत झालेली नसल्यास, हे लग्न मुळातच रद्दबातल ठरते आणि किती वर्षे लोटली याने त्यात फरक पडत नाही.

सप्तपदी झाली नाही म्हणून घाबरू नका. हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ दोन्हींपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेले विधी मान्य करते, आणि नोंदणी नसल्याने लग्न अवैध होत नाही. मात्र पाटाची रूढी तुमच्या समाजात चालत आली आहे, हे सांगणारी जाणती माणसे लागतील. त्या वृद्ध गृहस्थांचे वय पाहता त्यांची साक्ष लवकर नोंदवून घेण्याचा अर्ज वकिलांमार्फत द्यावा. त्या रात्री नेमके काय झाले, कोणी काय केले, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगणे महत्त्वाचे आहे.

उत्तर २ (निपाणी)

आमच्या घरच्या वादात शिधापत्रिका आणि मतदार यादी यांच्यापेक्षा एका लग्नपत्रिकेचा अधिक उपयोग झाला. हरकत घेणाऱ्यांनीच आपल्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांमध्ये ज्यांचे लग्न ते नाकारत होते त्याच जोडप्याचे नाव ‘श्री. व सौ.’ असे छापले होते. नातेवाइकांनी आपल्या वागण्यातून एखादे नाते मान्य केले असेल, तर ते वागणे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४४ खाली पुराव्यात येते, असे आमच्या वकिलांनी समजावले. जुन्या पत्रिका, बँकेतील वारस नेमणूक, दवाखान्याच्या कागदांवरील ‘पत्नी’ हा शब्द, सगळे शोधा. मराठी कागदांसोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते वेळेत करून घ्या.

उत्तर ३ (बेळगाव, दिवाणी वकिली)

पत्रिकेचा मुद्दा अगदी योग्य आहे. एक भर घालतो: उताऱ्यावरील नोंदीने मालकी ठरत नाही. म्हणून महसूल कार्यालयातील हरकतीवरच अडकून न राहता, मावशी काकांची पत्नी होती असे जाहीर करून मागणारा दावा दाखल करावा लागेल. तो कौटुंबिक न्यायालयात की दिवाणी न्यायालयात, हे जमिनीचीही मागणी जोडता की नाही यावर अवलंबून राहील.

प्रश्नकर्ता

काकांचे त्याआधी लग्न झालेले नव्हते. धाकट्या दिरांच्या मुलीच्या लग्नात तर मावशीनेच रुखवत मांडले होते. ती पत्रिका आज रात्रीच ट्रंकेत शोधतो.