बॅकअपवरून सर्व्हर उभा राहिला, पण नको तेही सगळं परत आलं

अर्धीरात्र (प्रश्न)

मंडळी, शनिवारी दुपारी आमच्या एका डेबियन (लिनक्स) सर्व्हरचा रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) मेला. बॅकअप होता. रोज रात्री १ वाजता दुसरं मशीन आरसिंकने (फाइली कॉपी करणारं साधन) अख्खा रूट, म्हणजे मुळापासूनचं फाइलींचं झाड, ओढून घेतं, आणि त्यात खंड पडलेला नाही. त्यामुळे मी निवांत होतो. नडला तो हा निवांतपणाच.

नव्या मशीनवर त्याच आवृत्तीचं डेबियन टाकलं. /प्रॉक, /सिस, /डेव्ह, /रन, /टीएमपी आणि /बूट वगळले आणि बाकीचं सगळं चालू सिस्टमच्या डोक्यावर ओतलं. डिलीटचा पर्याय लावला नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. मग रीबूट.

पडद्यावर ९० सेकंदांची उलटी मोजणी, आणि नंतर इमर्जन्सी मोड. /एटसी/एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) जुना आला होता. त्यातला ईएफआय (बूटच्या) विभाजनाचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, मेलेल्या मशीनचा. तो दुरुस्त करून पुन्हा चालू केलं, तर नेटवर्क नाही, कारण इंटरफेसेस फाइलीत ईएनओ१ आणि नव्या मशीनवर कार्डाचं नाव ईएनपी५एस०. तेही बदललं. नेटवर्क आलं, मी हुश्श केलं, आणि पाचव्या मिनिटाला फोन वाजायला लागला.

३१२ लोकांना वर्गणीची मुदत संपत असल्याचं पत्र दुसऱ्यांदा गेलं होतं.

हे कसं झालं ते शोधायला मला रविवार लागला. आमचं स्मरणपत्रांचं काम सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) टायमरवर रात्री २ वाजता चालतं आणि त्याला पर्सिस्टंट लावलेलं आहे, म्हणजे मशीन बंद असताना वेळ टळली तर चालू झाल्यावर काम उरकून घे. शेवटचं काम कधी झालं हे सिस्टमडी /व्हार/लिब/सिस्टमडी/टायमर्स मधल्या छोट्या स्टॅम्प फाइलींच्या तारखेवरून ओळखतो. बॅकअप १ चा, काम २ चं. बॅकअपमधल्या स्टॅम्पवर तारीख शुक्रवारची, आणि आरसिंकने ती इमानदारीने जशीच्या तशी आणली. सिस्टमडीला वाटलं शनिवारचं काम राहिलंय. नेटवर्क नव्हतं तेव्हाच टायमर पेटला, पत्रं पोस्टफिक्सच्या (मेल पाठवणारा प्रोग्राम) रांगेत तुंबली, आणि मी मोठ्या अभिमानाने नेटवर्क दुरुस्त करून बांध फोडला. आमची स्क्रिप्ट भोळी आहे. आधी पाठवलंय का हे ती बघत नाही. तो दोष माझाच, ती मीच लिहिली आहे.

रिस्टोअर करताना काय येऊ द्यायचं आणि काय दारातच थांबवायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता? मी आता रोज एकेक ओळ वाढवत वगळायच्या गोष्टींची यादी करतोय, पण असं किती दिवस? शिवाय पुढच्या आठवड्यात याच बॅकअपवरून चाचणीसाठी दुसरी प्रत उभी करायची आहे. साहेबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, "ती पण पत्रं पाठवणार का?"

जुनाखिळा

यादीचं नंतर बघू. तुमची ओतायची जागा चुकली. नव्या, चालत्या सिस्टमच्या अंगावर जुनी सिस्टम चढवली की जे उभं राहतं ते धड जुनंही नसतं आणि धड नवंही. मी बॅकअप नेहमी /रिस्टोअर असा बाजूला डिरेक्टरी करून तिथे उतरवतो. मग नवी /एटसी (सेटिंगच्या फाइलींची डिरेक्टरी) आणि जुनी /एटसी यांचा डिफ, म्हणजे फरक, काढतो आणि लागेल ते उचलून आणतो. वेळ जातो, पण फोन वाजत नाहीत.

/एटसी सरसकट आणू नये याचं सगळ्यात मोठं कारण एफएसटॅब नाही. तो बिचारा लगेच ओरडतो तरी. खरा घात करते ती पासवर्डची फाइल. १०० ते ९९९ मधले सिस्टमचे वापरकर्ते पॅकेज बसवण्याच्या क्रमाने क्रमांक घेतात. एका मशीनवर पोस्टग्रेस (डेटाबेस) ११४ असेल तर दुसऱ्यावर ११७. जुनी पासडब्ल्यूडी नव्यावर टाकली की नव्या सिस्टमने बनवलेल्या फाइलींचे मालक एका फटक्यात बदलतात, आणि कुठेही एरर येत नाही. आठ दिवसांनी कुठला तरी डेमन (मागे चालणारी सेवा) आपलाच लॉग लिहू शकत नाही तेव्हा कळतं. म्हणून पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो या चारांमधून मी फक्त माणसांच्या ओळी आणतो, १००० पासून वरच्या. सिस्टमचे वापरकर्ते पॅकेजं बसवताना आपोआप तयार होतात.

यातच आरसिंकची एक खोच आहे. न्यूमरिक-आयडीज लावलं नाही तर आरसिंक मालक नावाने जुळवतो, क्रमांकाने नाही. माझ्या बॅकअपच्या मशीनवरही पोस्टग्रेस होतं, वेगळ्या क्रमांकाने. जाताना नाव जुळलं म्हणून फाइलींना तिथला क्रमांक बसला. परत आणताना नव्या मशीनवर ते नावच नव्हतं, म्हणून तो परका क्रमांक तसाच राहिला. डेटाची डिरेक्टरी कुणा तिसऱ्याच्याच मालकीची, आणि पोस्टग्रेस उठायला तयार नाही. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा न्यूमरिक-आयडीज लावा. एसीएल (फाइलीच्या जादा परवानग्या) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट हवे असतील तर मोठा ए आणि मोठा एक्स वेगळे द्यावे लागतात, छोट्या ए मध्ये ते येत नाहीत.

तुम्ही /यूएसआर आणि /व्हार दोन्ही आणलेत हे नशीब. नुसता /व्हार आणणाऱ्यांची गंमत बघितली आहे मी. डीपीकेजीची (डेबियनवर पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) नोंदवही /व्हार/लिब/डीपीकेजी मध्ये असते. ती जुनी आली की डीपीकेजी शपथेवर सांगतो की पॅकेज बसलेलं आहे, आणि /यूएसआर मध्ये त्याचा पत्ता नसतो. त्यापेक्षा जुन्या मशीनवरची पॅकेजांची यादी दर रात्री एका फाइलीत लिहून ठेवा आणि नव्यावर ती बसवा.

आणि चालू डेटाबेसच्या फाइली आरसिंकने उचलणं म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्याकडे असेल तर आजच डम्प (डेटाबेसकडूनच काढून घेतलेली प्रत) सुरू करा.

टेपवाली

जुनाखिळांशी अर्धी सहमत. ते सांगतात ती पद्धत नुसता डेटा परत आणायला उत्तम. पण दहा वर्षं पाच जणांनी हाताने वाढवलेला सर्व्हर असेल, कागदावर काहीच नसेल, तर डिफ वाचत कोण बसणार? तिथे अख्खं मशीनच आणावं लागतं. फक्त ते चालत्या सिस्टमवर आणायचं नाही. रेस्क्यू मीडियावरून बूट करा, रिकामी विभाजनं /एमएनटी वर माउंट करा, तिथे सगळं उतरवा, आणि पहिल्या बूटच्या आधी सीएचरूट करून (म्हणजे त्या सिस्टमच्या आत शिरून) हात फिरवा.

आता हात कुठे फिरवायचा. मी दोन गोष्टी वेगळ्या धरते, मशीनची ओळख आणि मशीनची आठवण.

ओळख म्हणजे होस्टनेम, नेटवर्क, एफएसटॅब, क्रिप्टटॅब, मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट कीज. ही यादी सगळ्यांना माहीत असते. मेलेल्या मशीनच्या जागी नवं उभं करताना यातलं बरंचसं परत हवंच असतं. होस्ट कीज बदलल्या तर जोडणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर इशारा येईल. पण दुसरी प्रत काढताना यातलं काहीच नको. मशीन-आयडीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणारी सेवा) देतो ती ओळख त्यावरूनच बनते, त्यामुळे मॅकचे पत्ते वेगळे असूनही दोन्ही मशीनना एकच आयपी मिळू शकतो. प्रतीत ती फाइल रिकामी करून ठेवा. पुसू नका, रिकामी करा. पहिल्या बूटला नवीन आयडी तयार होतो.

तुम्हाला चावली ती आठवण. मशीन काय करायच्या बेतात होतं ते सगळं. टायमरचे स्टॅम्प, अ‍ॅनाक्रॉनच्या तारखा, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी), पोस्टफिक्सची रांग, प्रिंटची रांग. बॅकअपमधलं मशीन त्या क्षणी गोठलेलं असतं, जागं झालं की तिथूनच पुढे चालू पडतं. मधल्या काळात जग पुढे गेलंय हे त्याला कोण सांगणार? म्हणून पहिल्या बूटच्या आधी सिस्टमसीटीएलला (सिस्टमडीचा आदेश) रूट म्हणून /एमएनटी द्यायचा आणि क्रॉन, पोस्टफिक्स आणि स्वतःचे टायमर मास्क करून टाकायचे, म्हणजे सुरूच होऊ द्यायचे नाहीत. सीएचरूट करायला वेळ नसेल तर ग्रबमध्ये (बूटचा मेनू) कर्नलच्या ओळीला सिस्टमडी.मास्क= आणि सेवेचं नाव जोडलं तरी त्या एका बूटपुरतं भागतं. पोस्टफिक्सची रांग बघायची असेल तर पोस्टसुपरने सगळी पत्रं होल्डवर टाका, मग निवांत वाचा.

स्टॅम्पच्या फाइली आणल्याच नाहीत तरी चालतं. स्टॅम्प नसेल तर सिस्टमडी आत्ताच्या वेळेचा नवा बनवतो आणि राहिलेलं काम उकरून काढत नाही.

रिअर, म्हणजे अख्खं मशीन परत उभं करणारं साधन, वापरत असाल तर (माझे बहुतेक सर्व्हर त्यावर आहेत) एक धोका आधी सांगते. रिअर रिकव्हर फक्त फाइली आणत नाही, डिस्कची मांडणी नव्याने करतो, म्हणजे विभाजनं आणि फाइलसिस्टम पुन्हा बनतात. डेटाचा व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कांचा गट) शाबूत असेल आणि तो मांडणीत शिरला असेल, तर शाबूत डेटाही गेला. लोकल.कॉन्फमध्ये एक्सक्लूड_व्हीजी आणि त्याच्या जोडीने एक्सक्लूड_माउंटपॉइंट्स लिहून ठेवा, आणि रिकव्हर चालवण्याआधी डिस्कलेआउट.कॉन्फ डोळ्याखालून घाला. नको त्या ओळी तिथे कॉमेंट झालेल्या दिसल्या पाहिजेत. आणि खरं सांगू? बाहेरच्या डिस्क असतील तर मी केबलच काढते. कॉन्फिगपेक्षा केबलवर माझा विश्वास जास्त.

टारचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण रडले होते मी त्या दिवशी. ग्नू टारने (फाइलींचं गाठोडं बांधणारं साधन) लिस्टेड-इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेलं उचलायचा पर्याय, लावून बॅकअप घेत होते. एकच फाइल हवी होती, पण सवयीने तोच पर्याय लावून अख्खी डिरेक्टरी सोडवली. त्या पर्यायाने सोडवताना टार डिरेक्टरी त्या दिवशी होती तशीच करायला बघतो. म्हणजे त्या दिवशी नसलेल्या फाइली पुसतो. त्या आठवड्यात सहकाऱ्याने केलेलं सगळं नवं काम गेलं. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं.

खोडरबर

रेस्टिक आणि बोर्ग या बॅकअपच्या साधनांबद्दल थोडक्यात. रेस्टिकमध्ये ०.१७ पासून रिस्टोअरला ड्राय-रन (खरं काही न करता काय होईल ते दाखवणं) आहे, आणि ओव्हरराइटला ऑलवेज, इफ-चेंज्ड, इफ-न्यूअर किंवा नेव्हर सांगता येतं. आधी ड्राय-रन, मग खरं. बोर्ग सोडवताना चालू डिरेक्टरीतच उतरवतो, म्हणून एंटर दाबण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघा. मला तर बोर्ग माउंट करून हवं तेवढंच कॉपी करणं सोपं वाटतं.

@अर्धीरात्र, तुमच्या वगळयादीत टीएमपीच्या आधी स्लॅश आहे ना? आरसिंकमध्ये नुसतं टीएमपी लिहिलं तर त्या नावाची प्रत्येक डिरेक्टरी गळते, कुठल्याही खोलीवरची. आमच्या वेब अ‍ॅपच्या पोटात टीएमपी होती, तिच्यात लोकांनी चढवलेली कागदपत्रं पडून असायची (का ते विचारू नका). स्लॅश दिला की तो मार्ग ट्रान्सफरच्या मुळापासून धरला जातो. आणि मूळ म्हणजे मशीनचा रूट नव्हे, तुम्ही स्रोत म्हणून जे दिलंय ते.

अर्धीरात्र

सगळ्यांचे आभार. @खोडरबर, स्लॅश आहे, पण तो बॅकअप घेतानाच्या यादीतही आहे का हे बघायला गेलो आणि तिथे तो नव्हता. म्हणजे इतके दिवस कुठली कुठली टीएमपी आमच्या बॅकअपमध्ये आलेलीच नाही. सुदैवाने आमच्याकडे तसलं काही निघालं नाही. त्यानंतर बॅकअपच्या बाजूची यादी चार ओळींवर आणली. गाळायचं ते आता परत आणताना. तिथे चूक झाली तर पुन्हा आणता येतं.

काल चाचणीची प्रत टेपवालींच्या पद्धतीने केली. रेस्क्यू यूएसबी, /एमएनटी, न्यूमरिक-आयडीजसह आरसिंक, आधी ड्राय-रन आणि आयटमाइझ (एकेका बदलाची ओळ). ड्राय-रनचं आउटपुट फाइलीत घेऊन नुसतं /एटसी आणि /रूट ग्रेप केलं (म्हणजे तेवढ्याच ओळी गाळून बघितल्या), त्यातच दोन गोष्टी सापडल्या ज्या मला सुचल्याही नसत्या. एक म्हणजे जुन्या स्वॅपचा यूयूआयडी इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम) रिझ्यूम फाइलीत लिहिलेला होता. दुसरी, रूटच्या एसएसएच डिरेक्टरीतली ती की, जिच्याने ही प्रत खऱ्या सर्व्हरवर लॉगिन करू शकली असती.

मशीन-आयडी रिकामी केली, होस्ट कीज नव्या बनवल्या, एफएसटॅब नव्याने लिहिला आणि नेटवर्कच्या फाइलीत नाव बदललं. स्टॅम्प गाळले. क्रॉन, पोस्टफिक्स आणि आमचे तीन टायमर मास्क केले, मग सीएचरूटमध्ये इनिटरॅमएफएस आणि ग्रब नव्याने बनवले. पहिल्या बूटच्या वेळी नेटवर्कची केबलही काढून ठेवली होती, टेपवालींच्या नावाने. मशीन एका झटक्यात लॉगिनपर्यंत आलं. सिस्टमसीटीएलमध्ये टायमरांची यादी काढली, आमचा एकही नाही. मेलक्यू बघितला, रांगेत ४ जुनी पत्रं, जागची न हललेली. बॅकअपच्या रात्री १ वाजता जी अडकलेली होती तीच.

स्क्रिप्टमध्येही "आधी पाठवलंय का" ही तपासणी घातली आहे. साहेबांना कळवलं की ही प्रत पत्रं पाठवणार नाही. त्यांचं उत्तर आलं, "आणि खरा सर्व्हर?" तिथे पर्सिस्टंट ठेवावं की काढावं यावर मी अजून अडलोय. काढलं तर रात्री २ ला मशीन बंद असलेल्या दिवशी कुणालाच पत्र जाणार नाही.

जुनाखिळा

ठेवा. स्क्रिप्ट आता स्वतः तपासते ना, मग टायमर दोनदा पेटला तरी काय बिघडतं. पण "पाठवलं" ही नोंद कुठे लिहिताय? त्याच सर्व्हरवर असेल तर पुढच्या रिस्टोअरला तीही १ वाजताचीच येईल.

अर्धीरात्र

त्याच सर्व्हरवर आहे. हलवतो.