आधी शरणपूर, मग संच
ताई, मुलं सहा आणि नऊ वर्षांची, त्यांना घरीच शिकवायला अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाचा अख्खा संच मागवू का, असं तुम्ही विचारलंत. पहिल्याच वर्षी नको. त्यातला पवित्र शास्त्राचा भाग घ्या. गणित-मराठीला बालभारतीची पुस्तकं पुरतात, पीडीएफ फुकट मिळतात. त्या संचातला इतिहास तिकडचा. आपल्याकडे नाशकातलं शरणपूर आहे, जुन्या ख्रिस्ती मिशनची जागा! 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले. त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, गुलामगिरीतून सुटून शरणपूरच्या या मिशनमध्ये शिकलेला. मुलांना तिथे नेऊन ही गोष्ट सांगा, माझी मुलं कितीतरी दिवस तेच विचारत होती. दहावीसाठी एनआयओएस हे सरकारी मुक्त शिक्षण मंडळ आहे, वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखला आत्ताच नीट ठेवा.