ध्यानाला बसलं की कपाळाला आठी पडते. हसऱ्या मनाने कसं बसावं?

साबुदाणा_वडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

अडीच वर्षांपूर्वी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे ४ची घंटा, मौन, तासन्‌तास बैठक, सगळं झेपलं. शिबिराबद्दल काडीची तक्रार नाही. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तास तास बसायचं ठरवलं, तेही बऱ्यापैकी पाळलं. पण हळूहळू त्याचा गृहपाठ झाला. बसले की दात आवळले जातात. श्वासावरून लक्ष उडालं की आतून कुणीतरी डाफरतं, "परत? काय बाई तू!" डोळे किलकिले करून घड्याळ बघते. उठल्यावर कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही. परवा लेक म्हणाली, "आई, तुझं ध्यान झालं की अर्धा तास तुझ्या वाटेला जायचं नाही असं बाबांनी सांगितलंय."

हसा खुशाल, मला मात्र रडू आलं.

सोडायचं नाहीये. पण बुद्धाच्याच वाटेवर जरा मऊपणाने बसायची काही रीत आहे का? मैत्री भावनेबद्दल (सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान) ऐकून आहे, पण "मी सुखी होवो" म्हणताना ओशाळल्यासारखं होतं. मराठीतलं वाचन, मुंबई-पुण्याजवळची जागा, काहीही सुचवा.

खर्जातला_सा

तुमच्या आधी हा प्रश्न सोणाला पडला होता. श्रीमंत घरातला मुलगा, भिक्खू झाला आणि चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्यांचं ध्यान, करून करून पायातून रक्त काढलं. शेवटी घरी परत जावं का, असा विचार करत बसला. बुद्धाने त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजते का? फार ढिल्या सोडल्या तर?

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तानपुरा लावताना मला ती नव्याने कळली. तारा सुरात असतात, तरी आवाज मुका येतो. मग घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर मागेपुढे सरकवायचा, आणि एका ठिकाणी जवार अशी उघडते की खोली भरून जाते. तो दोरा जोर लावून सापडत नाही. तुम्ही तासाचा अर्धा तास करा. बसल्यावर पहिली पाच मिनिटं श्वासाकडे जाऊच नका. जबडा, जीभ, डोळ्यांच्या खोबण्या, पोट, एवढंच सैल सोडा.

ओटीवरचा

+१. थोडी भर घालतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

बुद्धाची स्वतःची गोष्ट याहून बोलकी आहे. वर्षानुवर्षं देह वाळवून झाला, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागावा अशी अवस्था. तेव्हा त्याला लहानपणीचा एक प्रसंग आठवला. वडील कामात होते आणि हा जंबूवृक्षाच्या, म्हणजे जांभळाच्याच म्हणा ना, गार सावलीत बसला होता. मन आपोआप निवलं होतं. मग त्याने स्वतःला विचारलं, ज्या सुखाचा वासनेशी आणि अकुशलाशी काही संबंध नाही, त्या सुखाला मी का भितोय? मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात हे आहे. त्यानंतर तो जेवला. क्रम लक्षात घ्या, आधी जेवला.

आनापानसति सुत्तात श्वासाच्या १६ पायऱ्या आहेत. पाचवीत पीती, म्हणजे ध्यानात उमलणारा आनंद, सहावीत सुख, आणि दहावी चित्ताला प्रमुदित करण्याची. आपण "श्वास लांब, श्वास आखूड" एवढंच पाठ करतो आणि पुढचं गाळतो. बोधीच्या सात अंगांतही पीती आहे, आणि तिच्या पाठोपाठ पस्सद्धि, म्हणजे निवांतपणा, त्यानंतर समाधी. म्हणजे आनंद हे शेवटी मिळणारं बक्षीस नव्हे, तो समाधीच्या अलीकडचा टप्पा आहे. दात आवळून थेट समाधीवर उडी मारायला गेलं की मन लाथा झाडणारच.

मराठीत वाचायचं तर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६चा. सिंहलात जाऊन पाली शिकले, भिक्खू झाले, ब्रह्मदेशातही राहिले. त्यांचं 'समाधिमार्ग' खास ध्यानावरच आहे. भाषा जुनी, पण माणूस अगदी सरळ बोलतो.

संत्र्याची_फोड

ताई, मी नागपूरची. मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, आमच्या विहारात लहानपणापासून कानावर आहे. आई एकुलत्या लेकराला जिवापाड जपते तसं सगळ्या जिवांबद्दल मन ठेवावं, असं त्यात आहे. पण घोकलेलं बसून करायचं असतं हे मला कळलं त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या वर्गात. तिथे आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, आणि मैत्री भावना जोडीने शिकवतात. मैत्री भावनेचे पाच टप्पे: स्वतः, जवळचा मित्र किंवा मैत्रीण, तटस्थ माणूस, न पटणारा माणूस, मग सगळे. तुमच्यासाठी पुण्यात दापोडीचा महाविहार सोयीचा. लोणावळ्याजवळ भाज्याला त्यांचं शिबिर केंद्रही आहे, लेण्यांच्या परिसरात.

"मी सुखी होवो"ने ओशाळता ना? मग शब्द सोडा. आजीने पाठीवरून हात फिरवला तेव्हा कसं वाटलं होतं, एवढं आठवा. माझी सुरुवात आमच्या गल्लीतल्या लंगड्या कुत्रीपासून झाली. स्वतःपर्यंत पोचायला वर्ष लागलं.

आणि एक. तुमच्या शिबिरातही दहाव्या दिवशी मेत्ता, म्हणजे हीच मैत्री भावना, शिकवली असेल, घरी रोजच्या बैठकीनंतर थोडा वेळ ती करायलाही सांगितलं असेल. तासाचा गजर झाला की आपण उठतो आणि नेमकी तीच गाळतो. मीही गाळायचे.

कटकट्या

सगळं गोड चाललंय म्हणून मुद्दाम मीठ टाकतो. उद्यापासून ताई "आज पीती आली का?" हे तपासत बसतील. मग गृहपाठ तोच, फक्त विषय बदलला. मी तीन वर्षं हेच केलं. एकदा अंगावर छान शहारे आले, पुढचे सहा महिने त्या शहाऱ्यांची वाट बघण्यात गेले.

ओटीवरचा

@कटकट्या, शंभर टक्के मान्य. विशुद्धिमार्ग या जुन्या पाली ग्रंथात पीतीचे पाच प्रकार दिलेत, त्यातला पहिलाच 'खुद्दिका', नुसता रोमांच. तुम्ही पहिल्याच पायरीवर सहा महिने तंबू ठोकलात :)

धौलाधारचा_चहा

कटकट्यांच्या दुखण्यावर तिबेटी परंपरेत चांगला उतारा आहे. तिथे ध्यानाला 'गोम' म्हणतात. (आपल्याकडची गोम कानात शिरते, ही मनात.) शब्दाचा अर्थ सवय होणं, ओळख होणं. योंगे मिंग्युर रिंपोछे हे त्याच परंपरेतले ध्यानगुरू, नेपाळच्या नुब्री खोऱ्यातले. लहानपणी त्यांना भीतीचे जबरदस्त झटके यायचे. आधी ते झटक्यांशी भांडत राहिले, मग वडिलांकडून शिकत शिकत त्या भीतीलाच ध्यानाचा आधार केलं. विचार थांबवायचे नाहीत, जाणीव तर आहेच, तिच्याकडे वळायचं, असा त्यांचा सूर. शिकवतानाही हसत असतात. त्यांची भाषणं सहज ऐकायला मिळतात.

करून बघायचं तर हे करा. बाल्कनीत बसा, डोळे उघडे. रिक्षा, कावळा, शेजारची फोडणी, जे येईल ते येऊ द्या. कशाला धरायचं नाही, कशाला हाकलायचं नाही. पाच मिनिटं पुष्कळ झाली. कुकरची शिट्टी झाली तर तीच ध्यान. वेळ काढता आला तर मॅक्लोडगंजच्या वर धरमकोटला तुषिता हे ध्यानकेंद्र आहे, नवख्यांसाठी चांगले वर्ग असतात. हिवाळ्यात बंद असतं, तारखा बघून जा.

दोन_गोळ्या_दुपारी

मध्येच बोलतो, पेशाने डॉक्टर. चिडचिडीसोबत झोप उडणं, छातीत धडधड, सतत उदास वाटणं असं काही असेल तर आधी तपासून घ्या. थायरॉईड आणि रक्तातलं लोहसुद्धा बघा. आणि तोवर लांबलचक मौन शिबिरं नकोत. बाकी चालू द्या.

साबुदाणा_वडा

तीन आठवड्यांनी येतेय, माफी असावी. डॉक्टरसाहेब, तपासलं. लोह कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत. म्हणजे सगळा दोष दातांचा नव्हता.

आता सकाळी २५ मिनिटं, त्यातली शेवटची पाच मेत्तेला. संध्याकाळी बाल्कनी. पहिले चार दिवस समोरच्या बिल्डिंगमधला ड्रिलचा आवाज ऐकून शिव्याच आल्या मनात. पाचव्या दिवशी ड्रिल थांबलं आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दापोडीला पुढच्या महिन्यात जाणार आहे. 'समाधिमार्ग' ग्रंथालयातून आणलंय, पानं हलक्या हाताने उलटावी लागतात.

काल ध्यानात बसलेली असताना दूधवाल्याने बेल वाजवली. उठले, दूध घेतलं, परत बसले. आत कुणी डाफरलं नाही. लेक दारातून डोकावून म्हणाली, "आज बोललेलं चालेल का?"

संत्र्याची फोड, एक शंका. तो तटस्थ माणूस रोज नवा घ्यायचा की एकच ठेवायचा? मी आमच्या लिफ्टमनकाकांना घेतलंय.

संत्र्याची_फोड

थोडे दिवस एकच ठेवा. पण मग ते तटस्थ राहणार नाहीत, दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. माझे आतापर्यंत तीन पोस्टमन संपले.